सुखाची रोजनिशी

पुण्याहून निघालेला महामार्ग कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकूर अशी गावे मागे टाकत बंगळूरच्या वेशीशी येतो, तेव्हा प्रवाशाला खऱ्या शहराची पहिली ओळख होते ती यशवंतपूरपाशी. कांद्या-बटाट्याच्या गोण्यांनी भरलेले मार्केट यार्ड, म्हैसूर सँडल साबणाचा सरकारी कारखाना, सतत गजबजलेले रेल्वे स्टेशन, आणि थोडे पलीकडे गेले की टाटांच्या देणगीतून १९०९ साली उभी राहिलेली भारतीय विज्ञान संस्था. कष्ट, व्यापार आणि विद्या यांची अशी दाटीवाटी एकाच भागात क्वचितच पाहायला मिळते.

पण याच तुमकूर रस्त्याने शहराकडे येणारी काही माणसे यशवंतपूरपर्यंत पोचतच नाहीत. ती अलीकडेच, जिंदाल निसर्गोपचार संस्थेच्या दाराशी उतरतात. रेल्वेने आलेली यशवंतपूर स्टेशनवर उतरून उलट दिशेने तिकडे जातात. २०१२ साली अण्णा हजारे इथे उपचार घेऊन गेले. मार्च २०१५ मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल आपला खोकला आणि मधुमेह घेऊन आले होते. नावे मोठी, म्हणून ती वर्तमानपत्रांत झळकली. ज्यांची नावे छापली जात नाहीत अशी माणसेही अशा ठिकाणी पोटावर मातीची पट्टी ठेवून पडून राहतात, बिनमिठाच्या भाज्या खातात, पहाटे उठून चालतात आणि हलक्या मनाने घरी परततात. आपल्याकडे पुण्याजवळच्या उरुळीकांचनला हीच परंपरा आहे. मार्च १९४६ मध्ये खुद्द गांधीजींनी तिथे मुक्काम करून गावकऱ्यांवर निसर्गोपचार केले, आणि पुढे मणिभाई देसाईंनी ते काम आयुष्यभर सांभाळले.

अशा ठिकाणी आलेल्या माणसाशी दोन घटका बोलले, तर तक्रार बहुधा गुडघ्यांपासून सुरू होते आणि मनापाशी येऊन थांबते. "सगळं आहे, पण बरं वाटत नाही." दहा दिवसांच्या उपचारांनी बरे वाटते, हे खरे. पण अकराव्या दिवशी घरी परतल्यावर तेच स्वयंपाकघर, तेच ऑफिस, तीच भांडणे आणि तोच आपला स्वभाव! मग पुढे काय?

हा "पुढे काय" काही माणसांनी फार गंभीरपणे घेतला. सुखी होणे ही नशिबाची गोष्ट न मानता त्यांनी ते एक काम म्हणून अंगावर घेतले, त्याची रोजनिशी ठेवली आणि नंतर तिचे पुस्तक केले. पाश्चात्य देशांत अशा आठवणींचा आता एक वेगळा कप्पाच झाला आहे. मराठीत त्याला वेगळे नाव नाही. पुस्तके मात्र आहेत, आणि त्यांतली एक-दोन तर त्या परदेशी पुस्तकांपेक्षा किती तरी खोल पाण्यात शिरलेली आहेत.

बारा महिन्यांचे वेळापत्रक

अलीकडच्या काळात या प्रकाराला खरी लोकप्रियता मिळवून दिली ती ग्रेचेन रुबिन या अमेरिकन लेखिकेने. शिक्षणाने वकील, न्यूयॉर्कला बिऱ्हाड, प्रेमळ नवरा, दोन मुली. एके दिवशी पावसात बसमधून जाताना तिच्या मनात आले, की आयुष्य तर असेच निघून चालले आहे आणि आपण सुखी आहोत की नाही याचा विचार करायलाही आपल्याला वेळ नाही. तिने एक वर्ष ठरवून घेतले आणि दर महिन्याला एक विषय. जानेवारीत अंगातला उत्साह वाढवायचा, म्हणजे वेळेवर झोपायचे आणि कपाटे आवरायची. फेब्रुवारीत नवऱ्याच्या मागची भुणभुण थांबवायची. मार्चमध्ये काम, एप्रिलमध्ये मुले, जूनमध्ये मैत्री, जुलैत पैसा, असे करत डिसेंबरात सगळे नियम एकदम पाळायचे. 'द हॅपिनेस प्रोजेक्ट' हे तिचे पुस्तक २००९ च्या अखेरीस आले आणि जगभर खपले.

पुस्तक वाचताना कुणाही गृहिणीला अधूनमधून हसू येईल. कपाट आवरल्यावर मन हलके होते, हे समजायला आपल्या आजीला ग्रंथालयात जावे लागले नव्हते. तिच्याकडे दिवाळी होती. तरीही रुबिनबाईंच्या प्रामाणिकपणाला दाद द्यावीशी वाटते. आपण काही दुःखी नव्हतो, हे त्या पहिल्यापासून सांगतात. घर न सोडता, नवरा न बदलता, नोकरचाकरांचा लवाजमा बरोबर घेऊन कुठल्या बेटावर न जाता, आहे त्याच संसारात काय करता येईल एवढाच त्यांचा प्रश्न होता. याच्या तीनच वर्षे आधी, २००६ मध्ये, एलिझाबेथ गिल्बर्ट यांचे गाजलेले पुस्तक आले होते. घटस्फोटानंतर त्यांनी वर्षभर इटली, भारत आणि इंडोनेशिया असा प्रवास केला आणि त्याची हकिगत लिहिली. प्रवासाच्या खर्चाला प्रकाशकाने आगाऊ दिलेली रक्कम कामी आली. ज्यांना असा प्रकाशक भेटत नाही त्यांना रुबिनबाईंचेच पुस्तक अधिक उपयोगी.

रुबिनबाईंनी आपला तक्ता मुळात उसना घेतला होता बेंजामिन फ्रँकलीनकडून. अठराव्या शतकातल्या या खटपट्या गृहस्थाने तेरा सद्‌गुणांची यादी केली होती. एका छोट्या वहीत रकाने आखून तो आठवड्याला एक सद्‌गुण हाती घेई आणि चूक झाली की त्या रकान्यात काळा ठिपका देई. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. सगळ्यांत जास्त त्रास त्याला कशाने दिला असेल? नीटनेटकेपणाने! वस्तू जागच्या जागी ठेवणे त्याला अखेरपर्यंत जमले नाही, आणि आत्मचरित्रात त्याने ते खुल्या दिलाने लिहून ठेवले आहे.

एक वेगळी वही

रुबिन आणि फ्रँकलीन यांचा मार्ग नियमांचा. आधी ठरवायचे, मग पाळायचे. याच्या अगदी उलट्या बाजूने गेलेली एक इंग्रज तरुणी होती, मॅरियन मिल्नर. तिचे नाव आज फारसे कुणी घेत नाही, पण या सगळ्या मंडळींत ती सर्वांत हुशार म्हणावी लागेल.

१९२६ मध्ये, पंचविशी नुकतीच ओलांडलेली असताना, मानसशास्त्र शिकलेल्या आणि नोकरी करणाऱ्या या मुलीला जाणवले की आपण जगतो आहोत ते दुसऱ्यांच्या कल्पनांवर. काय मिळाले म्हणजे सुख, हे आपल्याला आईवडील, पुस्तके, मैत्रिणी सांगतात. आपल्याला स्वतःला ते ठाऊकच नाही. मग तिने एक साधी गोष्ट केली. नियम न करता फक्त नोंद ठेवायला सुरुवात केली. आज कुठल्या क्षणी खरोखर बरे वाटले? कशाची इच्छा झाली? सात वर्षे हे चालले. १९३४ मध्ये 'अ लाइफ ऑफ वन्स ओन' हे पुस्तक तिने जोआना फील्ड या टोपणनावाने प्रसिद्ध केले.

त्या नोंदींतून जे बाहेर आले ते तिलाच चकित करणारे होते. ज्या गोष्टींच्या मागे ती धावत होती, त्यांचा सुखाच्या नोंदींत पत्ताच नव्हता. आणि ज्यांना ती किरकोळ समजत होती त्या पुन्हा पुन्हा येत होत्या. दुसरे तिच्या लक्षात आले ते असे, की आपले लक्ष दोन तऱ्हांनी काम करते. एक अरुंद, कामापुरते, बॅटरीच्या झोतासारखे. दुसरे पसरट, काहीच न मागणारे. हे दुसरे लक्ष तिला मुद्दाम वळवून आणता येऊ लागले, आणि ते आले की अगदी कंटाळवाणी गोष्टही जिवंत वाटे. पुढे ती मनोविश्लेषक झाली आणि १९९८ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतरही बरीच वर्षे काम करून, वारली.

गोव्याच्या नारळीबागेतून

आता आपल्याकडे वळू. मराठीत या जातीचे पहिले मोठे पुस्तक शोधायचे, तर ते नियमांच्या तक्त्यात सापडणार नाही. ते सापडेल गोव्यातल्या साखवाळ गावच्या एका उदास तरुणाच्या आठवणींत.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ चा. शाळा फारशी नाही, लहानपणी लग्न झालेले, आणि काम नारळीच्या बागांची देखभाल करण्याचे. त्या काळच्या गोव्यातल्या एका गावात अशा मुलाचे आयुष्य पुढे कसे जाणार, हे त्याच्या जन्माच्या दिवशीच कुणीही सांगितले असते. पण मन रमत नव्हते. अशा अवस्थेत 'बालबोध' या मुलांच्या मराठी मासिकात बुद्धाच्या चरित्रावरचा लेख त्यांच्या वाचनात आला. आज आपल्या घरात पोरांसाठी आलेल्या मासिकाकडे मोठी माणसे ढुंकूनही पाहत नाहीत. पण त्या एका लेखाने एका माणसाचे आयुष्य बदलले. दुःखाला कारण असते आणि त्यावर उपायही असतो, असे सांगणारा कुणी होऊन गेला, हे त्यांच्या मनाने घट्ट धरले. हा उपाय मुळापासून शिकायचा, असे त्यांनी ठरवले.

१८९९ साल संपता संपता त्यांनी घर सोडले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि संस्कृत शिकायचे. तिथून नेपाळ, कारण बौद्ध धर्म तिथे जिवंत असल्याचे ऐकले होते. पाहिले तर पार निराशा झाली. मग बोधगया, कलकत्ता, आणि १९०२ मध्ये श्रीलंका. तिथे सुमंगलाचार्यांच्या हाताखाली पाली भाषा शिकले. पुढे ब्रह्मदेशात गेले, चीवर धारण केले, ध्यानाचा अभ्यास केला. खिशात पैसे नाहीत, तब्येत मधूनमधून दगा देणारी, भाषा परकी, जेवण परके. 'निवेदन' या १९२४ च्या आत्मचरित्रात हे सारे त्यांनी कसलाही आव न आणता सांगितले आहे. ज्ञान मिळवल्याचा डंका नाही, आणि हालांचे भांडवल तर मुळीच नाही.

इथवर वाचले की वाचक भारावतो. पण थोडे थांबून दुसरीकडेही पाहायला हवे. धर्मानंदांनी घर सोडले तेव्हा त्यांची पत्नी बाळाबाई मागे राहिल्या, पदरात काही महिन्यांची मुलगी घेऊन. नवरा कुठे आहे, परत येणार की नाही, आला तर संन्यासी होऊन येणार की काय, यांतले काहीच ठाऊक नाही. त्या काळच्या गावात अशा बाईकडे कुठल्या नजरेने पाहिले जात असेल, हे कुणी वेगळे सांगायला नको. नवऱ्याच्या सुखशोधाची ती सगळी वर्षे बाळाबाईंनी वाट पाहण्यात काढली. त्यांनी 'निवेदन' लिहिले नाही. लिहिले असते तर मराठीत या विषयावर दोन पुस्तके झाली असती, आणि दुसरे कदाचित पहिल्यापेक्षा अवघड ठरले असते.

धर्मानंद परतले. चीवर उतरवून पुन्हा संसारात आले, बाळाबाई त्यांच्याजवळ राहायला गेल्या, आणि १९०७ मध्ये मुलगा झाला, पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगाला ठाऊक झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी. कलकत्ता विद्यापीठातली नोकरी सोडून, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून धर्मानंदांनी सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये पत्करले. हार्वर्डला जाऊन आले, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. जी विद्या मिळवायला त्यांना इतकी वणवण करावी लागली, ती महाराष्ट्रातल्या मुलांना पुण्यात बसून मिळू लागली. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला. नात मीरा कोसंबी यांनी त्यांचे लेखन पुढे इंग्रजीत नेले.

बाळाबाईंचा विषय निघालाच आहे, तर १९९० मध्ये आलेल्या सुनीता देशपांडे यांच्या 'आहे मनोहर तरी' या पुस्तकाचीही आठवण होते. ते काही सुखी होण्याच्या प्रयोगाचे पुस्तक नव्हे. पण साऱ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाच्या घरात राहून, या आनंदाच्या मागे कुणाचे किती कष्ट होते आणि आपल्या स्वतःच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब एका बाईने मांडला. तेव्हा पुष्कळांना ते रुचले नाही. घरोघरच्या बायकांनी मात्र ते पुस्तक एकमेकींना वाचायला दिले.

डॉक्टरच जेव्हा रोगी होतो

ज्या सेवाग्रामला धर्मानंदांनी अखेरचे दिवस काढले, त्याच परिसरात, वर्ध्याला, तीन वर्षांनी, १९५० मध्ये, एका गांधीवादी कुटुंबात एक मुलगा जन्मला. ठाकुरदास आणि सुमन बंग यांचा मुलगा अभय. डॉक्टर झाला, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आला, आणि पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह १९८६ मध्ये गडचिरोलीत जाऊन बसला. 'सर्च' ही संस्था, शोधग्राम, आदिवासी आणि खेड्यांतल्या बालमृत्यूंवरचे संशोधन, हे सर्व महाराष्ट्राला परिचित आहे.

अशा माणसाला सुखाचा प्रश्न पडायचे कारण काय? काम मनासारखे, जोडीदार तोलामोलाची, समाजात मान. आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयरोगाने गाठले. जो दुसऱ्यांच्या मृत्यूंची कारणे शोधत होता त्याला स्वतःच्या मृत्यूकडे पाहावे लागले. या अनुभवावर त्यांनी आधी लेख लिहिला, मग त्याचे पुस्तक झाले, 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. राजहंस प्रकाशनाने काढलेल्या या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. आजही कुणाच्या घरी अँजिओग्राफीचा रिपोर्ट आला, की शेजारपाजारचा कुणी ना कुणी हे पुस्तक घेऊन दारात उभा राहतो.

पुस्तकाची खरी ताकद आहे ती त्यातल्या संशोधकाच्या नजरेत. डॉ. बंग यांनी स्वतःला रोग्यासारखे कुरवाळले नाही. एखाद्या गावाची पाहणी करावी तशी स्वतःची पाहणी केली. आपण काय खातो? किती चालतो? सतत घाई कसली असते? राग कुणावर येतो आणि तो कुठे साठतो? महत्त्वाकांक्षेचे ओझे किती? तेल-तुपापासून 'मी'पणापर्यंत एकेक गोष्ट टेबलावर ठेवून तपासली. मग बदल. आहार बदलला, चालणे आले, योगासने, प्राणायाम, ध्यान आले. आणि हे करता करता प्रश्न हृदयापुरता उरला नाही. इतकी वर्षे आपण जगत होतो ते कशासाठी, इथपर्यंत तो गेला. शीर्षकातला 'साक्षात्कारी' हा शब्द त्यामुळे उगाच आलेला नाही.

या प्रयोगाला आधार होता तो अमेरिकेतल्या डॉ. डीन ऑर्निश यांच्या कामाचा. अत्यल्प स्निग्धांशाचा शाकाहार, ताण कमी करण्याचे उपाय, बेताचा व्यायाम आणि एकमेकांशी मन मोकळे करणारा रुग्णांचा गट, असा त्यांचा कार्यक्रम. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटात २८ रुग्ण, तुलनेच्या गटात २०. वर्षभरानंतर पहिल्या गटातल्या ८२ टक्के रुग्णांच्या हृदयवाहिन्यांमधले अडथळे मागे हटण्याच्या दिशेने होते. बदल मोठा नव्हता; सरासरी अडथळा ४० टक्क्यांवरून ३७.८ टक्क्यांवर आला होता. रुग्णही थोडेच. पण रोग वाढतच जाणार असे धरून चाललेल्या काळात तो मागे सरकू शकतो, हीच मोठी बातमी होती. अर्थात हे वाचून कुणी आपल्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. डॉ. बंग स्वतः डॉक्टर होते, आणि छातीतल्या कळांवर केवळ प्राणायाम करत बसावे असे त्यांचे पुस्तक सांगत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाबतीत लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांचा शोध घर सोडून झाला नाही. पथ्याचे जेवण ज्या स्वयंपाकघरात शिजते त्या घराला त्यात सामील व्हावेच लागते. एकट्याच्या ताटात बिनतेलाची भाजी आणि बाकीच्यांच्या ताटात भजी, असे किती दिवस चालणार? हृदयरोग्यांच्या घरांत हा प्रश्न सगळ्यांत जास्त भांडणे लावतो, आणि त्याचे उत्तर डॉक्टरच्या कागदावर नसते.

पाठलाग केला तर पळते

सुखाचा असा ठरवून पाठलाग करावा की नाही, याबद्दल मानसशास्त्रज्ञांत गमतीदार मतभेद आहेत. २०११ मध्ये आयरिस मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना, सुखी असणे किती महत्त्वाचे आहे हे ठसवणारा, मुद्दाम तयार केलेला वर्तमानपत्री लेख वाचायला दिला, आणि मग सगळ्यांना एक आनंदी चित्रफीत दाखवली. तो लेख वाचलेल्यांना चित्रफितीतून इतरांपेक्षा कमी आनंद मिळाला! आता मजा यायलाच हवी, अशी अपेक्षा धरून बसले की जरा कमी मजाही तोटा वाटू लागते. लग्नाच्या व्हिडिओत हसतमुख दिसण्यासाठी धडपडणाऱ्या वधूच्या आईला विचारा, ती हेच सांगेल.

लिहिण्याच्या बाजूने मात्र पुरावा बरा आहे. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज १५ मिनिटे, मनात दडवलेल्या कठीण प्रसंगाबद्दल लिहायला सांगितले होते. ते लिहिताना मुले दुःखी झाली. पण पुढच्या सहा महिन्यांत, किरकोळ विषयांवर लिहिणाऱ्या मुलांपेक्षा त्यांचे दवाखान्यात जाणे कमी झाले. मिल्नरबाईंची वही आणि हे संशोधन एकमेकांना फार जवळचे आहे. कुणाला घरी करून पाहायचे असेल, तर नियमांचा तक्ता आखण्याआधी महिनाभर नुसती नोंद ठेवावी, तीही कुणाला न दाखवता. शाळेची जुनी वही पुरते. सुनेने लिहिलेली वही सासूने वाचू नये आणि आईने मुलीची वाचू नये, एवढे पथ्य घराने पाळले की झाले.

एक गोष्ट मात्र वहीवर सोडून चालत नाही. उदासी दोन-दोन आठवडे हटत नाही, झोप आणि भूक गेली आहे, नेहमीची आवडती कामेही नकोशी झाली आहेत, जगण्यात अर्थ वाटत नाही, असे असेल तर तो आजार असू शकतो. कपाट आवरून तो जात नाही. त्याला डॉक्टर लागतो. यशवंतपूर ज्या शहरात आहे त्याच बंगळूरमधली निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था केंद्र सरकारच्या 'टेलिमानस' या दूरध्वनी सेवेचे मुख्य केंद्र आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक फिरवला की विनामूल्य सल्ला मिळतो, आणि मराठीतही बोलता येते.

कागदाची घडी

या सगळ्या मंडळींत सुखाबद्दल सर्वांत कमी बोलून सर्वांत जास्त सुख मिळवलेला माणूस निवडायचा, तर अनेकांचा कौल अनिल अवचट यांना मिळेल.

ओतूरला १९४४ मध्ये जन्म, पुण्यात डॉक्टरीचे शिक्षण. पण दवाखाना थाटून बसणे त्यांना मानवले नाही. पत्नी डॉ. सुनंदा येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत, आणि अवचट लिहीत, फिरत, घर आणि दोन मुली सांभाळत. पुरुषाने घरी राहून मुलींच्या वेण्या घालाव्यात हे त्या काळच्या मध्यमवर्गीय पुण्यात सहज पचणारे नव्हते. लिहायचे विषय तर असे, की कुणाचेही मन काळवंडून जावे: हमाल, विडी कामगार, देवदासी, दुष्काळ, गर्द. १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने या दांपत्याने व्यसनमुक्तीसाठी 'मुक्तांगण' सुरू केले.

दिवसभर अशा दुःखांत वावरणाऱ्या माणसाने तग धरला तो कशावर? त्याचे उत्तर 'छंदांविषयी' या पुस्तकात आहे. चित्रे काढणे, लाकडात चेहरे कोरणे, बासरी, ओरिगामी, स्वयंपाक. कुठलीच गोष्ट त्यांनी स्पर्धेसाठी वा पैशासाठी केली नाही, आणि बहुतेक गोष्टी चुकत-माकत स्वतःच शिकले. चूक झाली की रकान्यात काळा ठिपका देणारा फ्रँकलीन यांच्या शेजारी बसवला असता, तर दोघांचे जमले नसते. अवचटांना चुकण्यातच मजा वाटे. लाकूड वाकडे तासले गेले तर त्या वाकडेपणातून नवा चेहरा निघे. त्यांच्या 'स्वतःविषयी' या १९९० च्या पुस्तकातही हाच सूर आहे. स्वतःच्या विचित्रपणाकडे ते असे पाहतात, जसे एखाद्या खोडकर पण आवडत्या मुलाकडे पाहावे.

हे सारे सुखवस्तू माणसाचे चोचले म्हणून बाजूला सारता आले असते. पण त्याच वर्षांत सुनंदाताईंना कर्करोग झाला होता. त्यांचे आजारपण घराने काही वर्षे सोसले, आणि १९९७ मध्ये त्या गेल्या. त्यानंतरही अवचटांची बासरी थांबली नाही, आणि खिशातले कागदही संपले नाहीत. 'मुक्तांगण'चे काम मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे सांभाळले. ओरिगामीवर त्यांनी मुलांसाठी 'मजेदार ओरिगामी' हे पुस्तकही केले. रेल्वेच्या डब्यात समोर रडणारे मूल दिसले, की कागदाचा चौकोन काढून ते घडी घालायला लागत. पक्षी तयार झाला की तो मुलाच्या हातात जाई. २७ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात ते वारले, तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पुस्तकाच्या पानांत जपून ठेवलेले त्यांच्या हातचे कागदी मोर, हत्ती आणि पक्षी बाहेर निघाले.